अकरा राखाडी पट्ट्या

टीव्हीच्या कारखान्यात सगळ्यात शेवटच्या टेबलावर जी बाई बसायची, तिला सगळे चाळणी म्हणत. तोंडावर म्हणत आणि तीही बिनधास्त ओ देई. तयार झालेला प्रत्येक टीव्ही तिच्यापुढे अर्धा मिनिट थांबायचा. तेवढ्या वेळात चित्र बघून तो खोक्यात जाणार की परत मागे, हे ती ठरवायची. अठरा वर्षं हेच काम. तिच्या नजरेतून काही सुटत नसे म्हणून ते नाव पडलं होतं, आणि नाव ठेवणाऱ्यांपेक्षा तिलाच ते जास्त आवडायचं.

एकदा तिनं एका दिवसात साठ टीव्ही परत पाठवले. मोठी मागणी होती, गाडी दारात उभी होती आणि साहेबांचा पारा चढला होता. "अहो बाई, चांगलं दिसतंय की चित्र!" साहेब म्हणाले. "तुम्हाला दिसतंय," ही म्हणाली, आणि चहा प्यायला गेली. दुपारी कळलं की आधीच्या टेबलावरचं मापयंत्रच बिघडलं होतं. साहेबांनी माफी वगैरे मागितली नाही, साहेब लोक कुठे मागतात? पण त्यानंतर तिच्या टेबलापाशी कोणी आवाज चढवला नाही.

मग कारखाना बंद पडला. चाळणी एका इस्पितळाच्या धुलाईघरात लागली. धुतलेल्या चादरी उजेडात धरून डाग राहिलाय का ते बघायचं. इथेही ती परत पाठवायचीच, फक्त आता टीव्हीऐवजी चादरी. काम वाईट नव्हतं. पण पांढऱ्या चादरीवरचा डाग कोणालाही दिसतो, त्याला अठरा वर्षांची नजर लागत नाही, हे तिला आतून बोचायचं. कारखान्यातून निघताना तिनं एक टीव्ही विकत घेतला होता, स्वतः तपासलेला, स्वतःच्या हातानं रंग जुळवून लावलेला. बाहेरच्या खोलीत तो मानानं ठेवला होता. पाहुणा आला की नवरा सांगायचा, "हा आमच्या हिचा थोरला." बस चालवणारा माणूस, त्याला सगळ्यांची गंमत करायची सवय होती.

धाकटी म्हणजे खरी लेक. ती शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला होती, आणि घरी आली की गेम खेळायची. नुसती खेळायची नाही, खेळताना लोकांना थेट दाखवायची. एका जुन्या खाणीत उतरायचं, हातात छोटा दिवा, अंधारातून वाट काढत खालच्या तळापर्यंत पोचायचं, असा तो गेम. ती तो इतक्या झटपट संपवायची की बघणारे तोंडात बोट घालायचे. बघणारे होते मात्र चाळीस-पन्नास. कारण चित्र अगदीच टाकाऊ दिसायचं. म्हणून तिनं एक कॅप्चर कार्ड आणलं. म्हणजे काड्यापेटीएवढा डबा. गेमच्या यंत्रातून निघालेलं चित्र तो कॉम्प्युटरात पोचवतो आणि तिथून ते जगाला जातं. डबा आला, जोडला, आणि चित्र जवळजवळ तसंच राहिलं.

त्याच आठवड्यात तिला बोलावणं आलं. सलग दोन दिवस चालणारा मोठा कार्यक्रम, निवडक चाळीस खेळाडू, प्रत्येकाला एक तास, बघणारे लाखांत. चाळिसांत आपली लेक! चाळणीनं धुलाईघरात सगळ्यांना सांगितलं, गेम म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही. फक्त एक अट होती. चित्र आपापल्या घरून पाठवायचं आणि ते आधी तपासलं जाणार. पहिल्या तपासणीचा निकाल बुधवारी आला: काळा रंग राखाडी दिसतो, हालचाल झाली की चित्र चुरगळतं, नापास. शनिवारी चार वाजता शेवटची तपासणी. तेव्हाही नापास झालं तर तो तास दुसऱ्या कोणालातरी जाणार.

लेक खुर्चीत मटकन बसली. चाळणीनं तो निकाल दोनदा वाचला.

"बरोबर लिहिलंय," ती म्हणाली.

"आई! तू कोणाच्या बाजूनं आहेस?"

"चित्राच्या. ऊठ, दाखव मला, कुठून काय जातंय ते."

आता लेकीला कॉम्प्युटर कळत होता आणि आईला कळत नव्हता. पण बिघाड शोधायचा कसा, हे आईला कळत होतं. लेक घाबरून एकदम चार ठिकाणी बदल करायची, आणि मग कशानं काय झालं ते तिला उमगायचं नाही. चाळणीनं तिचा हातच धरला. "एका वेळी एकच स्क्रू फिरवायचा. फिरवला की बघायचं. फरक नाही पडला तर होता तिथे परत आणायचा, मगच दुसऱ्याला हात लावायचा. आधी मला सांग, बाहेर न पाठवता चित्र इथल्या इथे साठवता येतं?"

"येतं. रेकॉर्ड करता येतं."

"मग कर. साठवलेलं चांगलं असेल तर घोटाळा पाठवण्यात आहे. साठवलेलंच वाईट असेल तर घोटाळा आपल्या टेबलावर आहे."

लेक आईकडे बघतच राहिली. दोन महिने ती रोज तज्ज्ञांचे व्हिडिओ बघत होती, आणि हे तिला सुचलं नव्हतं.

साठवलेलं चित्रही चुरगळलेलंच निघालं. म्हणजे घोटाळा टेबलावर होता. गुरुवारी दोघींनी एकेक वायर काढून बघितली. शेवटी लक्षात आलं की तो डबा कॉम्प्युटरच्या मागच्या जुन्या, संथ पोर्टमध्ये खुपसलेला होता. एवढं चित्र त्या बोळातून जाणार कसं? लेकीनं तो बाजूच्या वेगवान पोर्टला लावला आणि रेकॉर्डिंग लख्ख झालं. मग पाठवण्याकडे मोर्चा वळला. वायफाय मधेमधे दम खायचं, म्हणून नवऱ्यानं दाराच्या चौकटीवरून सरळ वायर ओढून दिली आणि "बस इथपर्यंत आणली, पुढचं तुम्ही बघा" म्हणून तो झोपायला गेला. भर दुपारी झोपायला त्याला काहीही कारण पुरायचं.

शुक्रवारी मायलेकींचं वाजलं. आपलं कनेक्शन जेवढा बिटरेट झेपवतं, म्हणजे सेकंदाला जेवढं चित्र बाहेर ढकलतं, त्यात सर्वांत मोठ्या आकाराचं चित्र बसत नव्हतं.

"आकार कमी कर," चाळणी म्हणाली.

"सगळे मोठंच दाखवतात. मी लहान दाखवलं तर हसतील."

"लहान आणि स्वच्छ, की मोठं आणि डागाळलेलं? आमच्याकडे दुहेरी चादर डागाची आली तर मी म्हणते का, असू दे, मोठी तर आहे?"

लेकीनं फणकाऱ्यानं आकार एक पायरी खाली आणला, बिटरेट होता तसाच ठेवला, खाणीत उतरली आणि पळत सुटली. दिवा हलत होता, दगड मागे जात होते, धूळ उडत होती, आणि एकही कण चुरगळला नाही. फणकारा कुठल्या कुठे गेला. "आई," ती हळूच म्हणाली, "हे मी खेळतेय?" चाळणीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. खोटं कशाला सांगा, इतक्या वर्षांत तिला स्वतःचा एवढा अभिमान वाटला नव्हता.

राहिला काळा रंग. हे तर तिचं हक्काचं काम! तिनं स्ट्रीम, म्हणजे जगाला जाणारं ते चित्र, आपल्या लाडक्या टीव्हीवर लावायला सांगितलं. लेक म्हणाली, लॅपटॉपवर पण बघूया. आईनं हात झटकला. "त्या डबड्याला रंग कळतो का? टीव्हीवर बघ, तो मी लावलाय." आईच्या नजरेपुढे या घरात कोणी वाद घालत नसे. आई सांगत गेली, लेक स्ट्रीमचा उजेड कमी करत गेली. थोडा, अजून थोडा, अजून. काळं कसं डांबरासारखं झालं, आणि तरी खाणीतला प्रत्येक दगड दिसत होता. "बस्स," चाळणी म्हणाली. "आता बघू कोण नापास करतं."

शनिवारी बरोबर चारला कार्यक्रमाच्या तपासनीस बाईंचा फोन आला. लेकीनं तो स्पीकरवर टाकला. बाईंनी दोन मिनिटं चित्र बघितलं.

"हालचाल सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "इतकं स्वच्छ आज दुसरं कोणाचं नाही. पण अंधारात काहीच दिसत नाही हो. खाणीच्या भिंती गायब आहेत. नुसता दिवा तरंगतोय."

"असं कसं?" चाळणी मधेच बोलली. "माझ्यासमोर स्पष्ट दिसतंय सगळं!"

"मला नाही दिसत. साडेचारपर्यंत थांबते. त्यापुढे मला यादी बंद करावी लागेल."

फोन ठेवला गेला. लेकीनं त्याच मोबाइलवर आपलीच स्ट्रीम लावली आणि आईपुढे धरली. काळोख. मैत्रिणीची टॅब्लेट घरी आणलेली होती, ती काढली. काळोख. लॅपटॉप उघडला. काळोख. फक्त बाहेरच्या खोलीतल्या त्या एका टीव्हीवर भिंती दिसत होत्या.

बघता बघता सगळं चाळणीच्या ध्यानात आलं. कारखाना सुटल्यापासून दर वर्षा-दोन वर्षांनी तिला वाटायचं, आज चित्र जरा काळोखं वाटतंय, आणि ती टीव्हीच्या सेटिंगमध्ये अंधाऱ्या भागाचा उजेड एकेक घर वाढवायची. टीव्ही जुना होतोय, असं ती घरात सांगायची. आणि त्या उजळ केलेल्या टीव्हीवर लेकीची स्ट्रीम राखाडी दिसली म्हणून तिनं ती खाली खाली दाबली होती. दुसऱ्याचं मापयंत्र बिघडलेलं जिनं ओळखलं, तिनं स्वतःचं मात्र कधी तपासलं नाही!

"माझा टीव्ही खोटं बोलतोय," ती म्हणाली. हे वाक्य तोंडातून काढायला तिला काय पडलं ते तिलाच माहीत. "मीच शिकवलंय त्याला. मी केलेलं सगळं काढ. उजेड होता तिथे परत आण."

"पण मग पुन्हा राखाडी होईल ना!"

"होऊ दे. आपण चुकीचा स्क्रू फिरवत होतो. मला एक चित्र हवंय. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत अकरा पट्ट्या, एकीपेक्षा दुसरी थोडी उजळ. कारखान्यात रोज हेच लावायचो आम्ही. कालच लावायला हवं होतं, पण स्वतःच्या डोळ्यांचा माज नडला. मिळेल?"

लेकीनं तसं चित्र शोधून गेमच्या यंत्रावर उघडलं आणि तिथून ते डब्यातून बाहेर सोडलं. मोबाइलवर सगळ्यात काळी पट्टी राखाडी, सगळ्यात पांढरी मळकी.

"दोन्ही टोकं आत ओढलीत," आई म्हणाली. "देणारा एका मापानं देतोय आणि घेणारा दुसऱ्या मापानं घेतोय. यंत्रात आणि डब्यात काळ्या-पांढऱ्याचं काही माप असतं का?"

लेकीनं सेटिंग उघडलं आणि कपाळावर हात मारला. रंगांची रेंज गेमच्या यंत्रात 'लिमिटेड' होती आणि कॅप्चर कार्डात 'फुल'. तिनं कार्डातली बदलून दोन्ही सारखी केली. एकच क्लिक. चार वाजून सव्वीस मिनिटं झाली होती.

चाळणीनं मोबाइल हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, खिडकीकडे पाठ केली. मग बोटानं पट्ट्या मोजल्या. नऊ. पुन्हा मोजल्या. नऊच. सगळ्यात काळ्या तीन पट्ट्या तिला एकच दिसत होत्या.

टीव्ही जुना झाला नव्हता.

हे तिला कळलं तेव्हा ती रडली नाही. रडायला वेळच कुठे होता? तिनं मोबाइल लेकीकडे दिला.

"तू मोज. घाई नको. काळ्या टोकाला बघ, डाव्या कडेला."

लेक वाकली. तिचे ओठ हलत होते. "एक... ही दुसरी, अगदी जराशी उजळ. ही तिसरी." ती शेवटपर्यंत गेली. "अकरा आहेत, आई."

"नक्की? पहिली दुसरीपेक्षा वेगळी दिसते?"

"दिसते की. पहिलीला खाली काठ पण आहे, केसाएवढा. तो चित्रातच असणार."

तो काठ चित्रातच असतो. कारखान्यात हा काठ दिसायला नव्या मुलींना सहा महिने लागायचे, आणि कित्येकींना तो कधीच दिसला नाही. चाळणीनं त्याच्याबद्दल लेकीला आजवर एक अक्षर सांगितलं नव्हतं. "पट्ट्या काढ, परत खाण लाव," ती म्हणाली, आणि लेक पुन्हा खाणीत उतरली.

फोन वाजला. स्पीकरवर तपासनीस बाई विचारत होत्या, "काय करायचं? आता भिंती दिसतायत मला, छान दिसतायत. पण तुमच्याकडून नक्की आहे ना? एकदा यादी बंद झाली की बदल नाही. कोणी बघितलंय नीट?"

लेकीनं सवयीनं आईकडे बघितलं. अठरा वर्षांत चाळणीनं स्वतःला न दिसलेलं एकही चित्र पुढे सोडलं नव्हतं.

"बघितलंय," ती फोनवर वाकून म्हणाली. "मी टीव्हीच्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर होते. आत्ता चाचणीच्या अकरा पट्ट्या लावल्या होत्या, त्यातल्या मला नऊच दिसल्या. माझ्या लेकीला अकराही दिसल्या. तिचं खरं धरा."