मोटारीचा खांदा

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात, मोटारीचे शेकत नाहीत. एवढी साधी गोष्ट समजायला मला सासुरवाडीत मुक्काम वाढवावा लागला.

तेव्हा, म्हणजे पन्नासनंतरच्या सालांत, मी आलापल्लीच्या एका गॅरेजात मोटारकाम शिकत होतो. सागवानाचे ट्रक यायचे आणि आम्ही दिवसभर त्यांच्या पोटाखाली लोळायचो. नवीन लग्न झालेलं. शिकलेलं कुणाला सांगितल्याशिवाय माझ्या पोटात राहायचं नाही (अजूनही राहत नाही!), आणि घरात ऐकायला माणूस एकच, माझी बायको शेवंता. ती सैपाक करायची आणि मी चुलीपुढे बसून भांडी वाजवायचो.

"हे पाय, चूल म्हंजे इंजन. ह्या दोन ताटल्या म्हंजे क्लच. एकमेकीवर दाबल्या अन् वरची फिरवली, का खालची फिरते. खालची फिरली का चाक फिरते. समजलं?"

"हो जी."

"काय समजलं?"

"ताटल्या घासा लागते."

हिला मोटारीतलं एक अक्षर कळत नाही, अशी माझी पक्की खात्री झाली.

मग श्रावण लागला. लग्नानंतरचा पहिला श्रावण, म्हणून शेवंता माहेरी गेली आणि घर खायला उठलं. भात करपायचा, नाहीतर कच्चा राहायचा. ताटल्या जागेवर होत्या, ऐकणारी नव्हती. खरं सांगतो, एका संध्याकाळी मी रिकाम्या चुलीला रेडिएटर समजावून सांगितला! चूल काही "हो जी" म्हणाली नाही, तेव्हा डोळ्यांत पाणीच आलं. इतकी आठवण यायची तिची.

शेवटी गॅरेजातले उस्तादच वैतागले. "अबे, तू नट उलटे पिळून राह्यला! एखाद्याचा जीव घेशील. जा, माही मोटार ने अन् बायकोले घेऊन ये एकदाची!"

उस्तादांची मोटार म्हातारी होती. हँडल मारून सुरू व्हायची, एक दार दोरीनं बांधलेलं. सासुरवाडी सिरोंच्याच्या वाटेवर, जंगलाच्या कडेला. पावसानं उघाड दिली होती, म्हणून पोचलो. दारात शेवंता उभी दिसली आणि ब्रेक कोणत्या पायाखाली असतो तेच विसरलो. मोटार सरळ भाताच्या तणसाच्या ढिगात! पोरांनी टाळ्या पिटल्या.

"उद्या सकाळीच निघतो," मी तणीस झटकत म्हटलं. "उस्ताद वाट पाहून राह्यले."

(उस्ताद कसली वाट पाहतात! पोळ्याच्या गर्दीत बायकोशी दोन शब्द बोलायला मिळणार नव्हते, म्हणून घाई.)

शेवंताचं तोंड एवढंसं झालं. आईला सोडायचं वाईट वाटत असेल, असं मी धरून चाललो.

संध्याकाळी सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, खांदशेकणी केली. पळसाच्या पानानं बैलांच्या खांद्यांना हळद आणि गरम तूप चोळलं आणि एकेकाला म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग मोटारीपुढे येऊन थांबले.

"जवाईबापू, हिनं तुमाले इतक्या दुरून आणलं. हिले काऊन उपाशी ठेवाची? हिचा खांदा कुठी हाय जी?"

बॉनेट दाखवून मोकळं व्हायचं की नाही! पण तुपाची वाटी धरलेली शेवंता सगळ्यांदेखत म्हणाली, "बाबा, ह्याईले इचारा. ह्याईले मोटारीतलं सारं समजते."

झालं! माझी छाती फुगली. पायाखालची फळी उचलली, आतलं झाकण उघडलं आणि सांगितलं, "मामाजी, इंजनाचा सारा जोर इथूनच चाकाले जाते. हा क्लच. हाच खांदा समजा!" तेवढ्यात सासूबाईंनी जेवायला बोलावलं आणि मी गेलो. एखादं बोट लावतील, अशी माझी समजूत.

सकाळी गाव जमलं. सासूबाई रडत होत्या. शेवंता गाठोडं घेऊन मोटारीत बसली. मी हँडल मारलं, इंजिन असं गरजलं की बैलांनी दावी तोडली. गिअर टाकला, क्लच सोडला. मोटार जागची हलेना!

"चालली का?" मामाजींनी विचारलं.

"आवाज त चालला," कोणीतरी म्हणालं.

मी प्लग पुसले. पेट्रोलच्या नळीत फुंकलं. रेडिएटरात पाणी ओतलं, ब्रेक ढिले केले, आणि प्रत्येक वेळी गावाला हे कशासाठी तेही समजावून सांगितलं. दर खेपेला इंजिन गरजायचं आणि तुपाचा असा खमंग वास यायचा की तोंडाला पाणी सुटावं.

"मामी, पुरणाच्या पोळ्या झाल्या वाट्टे?" मी सासूबाईंना विचारलं.

"अजून चूल पेटवाची हाय, जवाईबापू!"

तरी माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही! उलट मी म्हटलं, "बैल जुंपा, अन् ओढून पाहा."

सासूबाईंचं रडणं जागीच थांबलं. "पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू? माह्या दारात? उतर वो शेवंते!"

शेवंता उतरली. जरा लवकरच उतरली, असं आता वाटतं.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल घेऊन निघाली. "जवाईचाही लाकडाचाच हाय!" असं म्हणून त्यांनी मोटारीच्या दिव्यांवर बाशिंग बांधलं, पुढे दोरखंड लावला आणि गावभर ओढत नेली. स्टेअरिंगवर मी. बायका मलाच ओवाळत होत्या!

मामाजी शेजारून चालत होते. बॉनेटवर थाप मारून हळहळले, "काऊन चालत नाई बाई तू? वाटीभर तूप जिरोलं तुह्या खांद्यात!"

"वाटीभर? कुठी?"

"तुमी दाखोलं तिथीच!"

मी कपाळावर हात मारला. मग घासलेटनं क्लच धुतला. आता वर कोरडी राख टाकायची, म्हणून राख मागायला वळलो, तर शेवंता आधीच चाळलेली राख घेऊन उभी.

सागाच्या जंगलातून परतताना झाडांवर पांढरा फुलोरा होता. बरंच पुढे गेल्यावर मी विचारलं, "राख लागते, हे तुले कोनं सांगतलं?"

"तुमीच. ताटल्याईच्या मधात तेल गेलं, का वरची फिरते अन् खालची फिरत नाई. मंग राख टाका लागते."

मी करकचून ब्रेक मारला. "म्हंजे तुले ठावं होतं! मंग बाबाले काऊन नाई रोकलं?"

"काऊन रोकू? वाटी मीच त धरली होती." ती गाठोड्यात तोंड लपवून हसत होती. "महिनाभर तुमची वाट पायली. पयला पोळा तुमच्यासंगं पाहाचा होता जी. नुसतं थांबा म्हटल्यानं थांबले असते का तुमी?"

शेवंता जाऊन आता बरेच पोळे झाले. आदल्या संध्याकाळी मी अजून वाटीत हळद-तूप घेतो आणि मुलाच्या गाडीजवळ उभा राहतो. सून आतून ओरडते, "बाबा, गाडीले हात नोका लावू!" नाही लावत. नुसता उभा राहतो. लई आठवण येते तिची.

तिनं मला थांबवायचं ठरवलं, तेव्हा तिला खांदा बरोबर सापडला. ती कायमची निघाली, तेव्हा माझ्याजवळही वाटीभर तूप होतं हो, पण लावायचं कुठी ते कळलंच नाही. आणि गाव मला उस्ताद म्हणते!