लुळ्या बोटांतला दाणा
आयटी कंपनीच्या आवारात दिवाळीचे फटाके उडाले, की गंधकाच्या वासाने मला खडकीतलं बंदुकांचं दुकान आठवतं. आमच्याकडे दसऱ्याला घरच्या ठासणीच्या बंदुकीने बार काढायची रीत. त्यासाठीची दारू वडील स्वतः निवडायचे. दारूचा एक दाणा बोटांत चिरडायचा. चुरा झाला, तर ओल लागलेली. पक्षाघातानंतरही त्यांनी सवयीने उजवाच हात पुढे केला. लुळ्या बोटांत दाणा शाबूत राहिला. "टणक आहे. हीच घेऊ," ते खुलून म्हणाले. दुकानदाराने मान खाली घातली. सोबत आलेल्या आईने तोच दाणा उचलला, तर लगेच भुगा झाला. बोटं पदराला पुसत ती म्हणाली, "हो, टणकच आहे." त्या दसऱ्याला बार उडाला नाही, पुढच्या दसऱ्याला वडील नव्हते. आता ती साडी माझ्याकडे आहे. पदरावरचा काळा डाग मी धुतलेला नाही.