समोरच्या दारातलं यंत्र

माझ्या धाकट्या जावेच्या दारात चार्जिंगचं स्टेशन झालं, माझ्या दारात झालं नाही. मला त्याचा अजून राग आहे. लोक म्हणतात, वय झालं की मन मोठं होतं. माझं झालं नाही.

यवतमाळात राळेगावच्या रस्त्याला आमची दोन घरं समोरासमोर आहेत, मध्ये फक्त रस्ता. माझ्या बाजूला कडुनिंब आणि माझी चहाची टपरी. तिच्या बाजूला उघडी जागा, बाकी काही नाही. विजेवरच्या टॅक्सी आल्या तशा त्या माझ्याच निंबाखाली थांबू लागल्या. सवारी मिळेपर्यंत ड्रायव्हर चहा पीत. जाऊ दारात बसून पाहत असे. तेव्हा जळत होती ती, आणि मला ते आवडत होतं.

मग ऐकलं, टॅक्सींसाठी शहरात चार्जिंगच्या जागा ठरवायच्या आहेत. माणसं येऊन पाहतील आणि पसंत पडलेल्या जागी यंत्र बसवतील. गाडीला तास-दीड तास लागतो. तेवढ्यात ड्रायव्हर कुठं जाणार? चहाच पिणार. नवरा गेल्यापासून टपरीवरच माझं चालतं. यंत्र माझ्या दारात यायलाच पाहिजे होतं.

पाहणीचा दिवस कळला. मुलगी पाहायला पाहुणे येणार म्हटल्यावर आमच्याकडे जे करतात, तेच मी केलं. पहाटे अंगण झाडलं, शेणाचा सडा टाकला, निंबाखालचा पाला वेचला, रांगोळी काढली. टॅक्सीवाले आले तसे त्यांना हाकललं.

"आज इथं गाड्या नोका लावू रे. साहेब लोक येऊन राह्यले."

"मंग कुठं लावू, आजी? डोक्यावर?"

"तुह्या सासऱ्याच्या दारात लाव. पण इथं नोको."

त्यांनी माझ्या जावेच्या दारात लावल्या. ओळीनं. तिनं तर त्या दिवशी अंगणही झाडलं नव्हतं.

एक मुलगी आली, सोबत एक माणूस. मुलगी मोबाइलमध्ये काही टिपत होती. मी खुर्ची दिली, अद्रकाचा चहा दिला.

"आजी, या झाडाखाली टॅक्सी थांबतात का?" तिनं विचारलं.

मी तोऱ्यात म्हटलं, "एकबी नाही. पाहा न, कशी साफ जागा आहे."

तिनं तेच टिपलं. पलीकडच्या गाड्या मात्र बोट दाखवून मोजल्या. जाऊ तिकडून ओरडली, "बाई, चहा इकडंबी पाठवा! माह्याकडं पाहुणे लय झाले!"

निघताना मुलगी म्हणाली, "आम्ही रिकामी जागा शोधत नाही, आजी. गाड्या आपोआप जिथं थांबतात, तिथंच यंत्र लावतो. म्हणजे ड्रायव्हरला वेगळा फेरा पडत नाही."

मी म्हटलं, "अवं, रोज इथंच थांबतात त्या! आजच म्याच हाकलल्या."

ती हसली. "आत्ताच तुम्ही एकही नाही म्हणालात."

अंगणात चाकाची एक खूण नव्हती. सडा टाकला होता मी.

यंत्र जावेच्या दारात बसलं. वर पत्र्याचं छप्पर आलं. तिनं लगेच शेगडी मांडली. तिचा चहा पातळ असतो, अद्रक नाही. पण गाडी तारेला बांधलेली, ड्रायव्हर जाणार कुठं? माझ्याकडे आता कामावर जाणाऱ्या बाया आणि एसटीची वाट पाहणारे येतात. टपरी चालते, पण अर्धी.

एक दिवस ती रस्ता ओलांडून आली. "बाई, लोक तुमच्या हातचा चहा मांगतात. या न माह्याकडं, दोघी मिळून करू."

"तुह्या दारात मी चहा उकळू? कायले? माह्या दाराले कुलूप लागलं का?"

"तुमच्या भल्याचंच सांगून राह्यली."

"माह्यं भलं माह्या निंबाखाली आहे. तू जाय."

ती गेली. वाईट मनानं आली नव्हती, हे मला समजतं. त्यानं तर मी जास्तच जळते.

हल्ली ती सकाळी यंत्रापुढे सडा टाकते आणि रांगोळी काढते, माझ्यापेक्षा मोठी. पहिली टॅक्सी येते आणि सरळ त्या रांगोळीवरून चाक नेते. मी समोर बसून पाहते. तेवढं पाहिल्याशिवाय मी शेगडी पेटवत नाही.