बोट ताईचं, नोकरी भाऊजींची

आमच्या भाऊजींना कुणी काही विकून दाखवावं, मी त्याच्या पाया पडेन. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. कारखान्यातल्या कामगारांची ने-आण करणारी बस चालवायचे. साबणाची वडी घ्यायची झाली तरी आधी उलटी करून वजन वाचणार, मग दुकानदाराला विचारणार, हे कागद धरून की कागद सोडून? पंखा घ्यायला गेले तर दुकानातले सगळे पंखे लावून बघणार, प्रत्येकाखाली उभे राहणार आणि शेवटी 'विचार करून सांगतो' म्हणून घाम पुसत घरी येणार. ताई म्हणते, लग्नाआधी मला भेटायला आले तेव्हा त्यांनी माझाही भाव पाडून पाहिला असता, पण आई दारातच उभी होती म्हणून वाचले.

अशा माणसाच्या गळ्यात कंपनीने न विचारता एक ॲप बांधलं. ड्रायव्हर लोकांची तब्येत रोज तपासायची, असं वरून ठरलं. सकाळी घरून निघायच्या आधी फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवायचं. मागचा दिवा पेटतो आणि बोटातून रक्त कसं सरकतंय ते बघून म्हणे त्याला हृदयाचे ठोके कळतात. हिरवं आलं तर कामावर या. लाल आलं तर घरी बसा आणि त्या दिवसाचा पगार विसरा. तीनदा लाल आलं की स्टेअरिंग गेलं. वर्गणी दर महिन्याला पगारातून कापून घेणार. आणि लाल का आलं ते विचारलं तर ॲप सांगणार, त्यासाठी वरचा प्लॅन घ्या, तो तुमच्या खिशातून. भाऊजी म्हणाले, "दुखणं माझं, बोट माझं, फोन माझा, आणि मलाच विकत सांगणार काय?"

मी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर बसते. रोज कुणीतरी येऊन विचारतंच, बीपीचं कुठलं ॲप चांगलं, फुकटातलं चालेल का, पैसेवालं जास्त खरं बोलतं का. मी सांगते, बाबा, चार ॲप टाका, चार आकडे येतील, आवडेल तो ठेवा आणि बरं नसेल तर डॉक्टरकडे जा. लोक हसतात आणि तरीही टाकून घेतात. त्यामुळे भाऊजींची कुरकुर मी काही फार मनावर घेतली नव्हती.

पण त्यांना लाल आलं. पहिल्याच आठवड्यात आलं, मग परत आलं. बसवर लागायच्या आधी भाऊजींनी बरीच वर्षं भट्टीवर लोखंड ओतायचं काम केलेलं. बोटांची टोकं भाजून भाजून इतकी टणक झालीत की चुलीवरचं भांडं ते फडक्याशिवाय उतरवतात. आमच्या दुकानातसुद्धा अशा हातांच्या माणसांचा अंगठा फोन ओळखत नाही, तेव्हा त्या कातडीतून दिव्याला काय दिसणार कप्पाळ. मी त्यांना तसं बोलले. त्यांनी पदरमोड करून हृदयाच्या डॉक्टरला दाखवलं, ईसीजीची पट्टी काढून घेतली. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहात, उगाच कशाला आलात.

तो कागद घेऊन भाऊजी सुपरवायझरकडे गेले. सुपरवायझर माणूस वाईट नाही. त्याने कागद नीट वाचला, परत दिला आणि म्हणाला, मला पटतंय हो, पण मला पटून काय उपयोग, सकाळी फोनने हिरवं दिलं तरच संगणक तुमच्या नावावर बस टाकतो. तिसरं लाल आल्यावर त्यांना खाली यार्डात पाठवलं, बस धुवायला. पगार निम्म्यावर आला. ज्यांना वर्षानुवर्षं बसमधून नेलं तेच कामगार खिडकीतून हात करायचे आणि हे हातात पाण्याचा पाइप घेऊन उभे.  ताईला ते बघवेना.

एका संध्याकाळी मी त्यांच्या घरीच होते. भाऊजी त्या ॲपच्या नावाने शंख करत होते, ताई टोमॅटो चिरत होती. ती म्हणाली, द्या बघू इकडे. आणि तिने कॅमेरा सरळ अर्ध्या टोमॅटोवर टेकवला. ॲपने घटकाभर विचार केला आणि हिरवं दिलं. ठोके नियमित, ताण कमी, असंच फिरत राहा. टोमॅटोची तब्येत भाऊजींपेक्षा चांगली निघाली. आम्ही तिघं हसून हसून जमिनीवर बसलो. मग हसू ओसरलं तशी ताईने हात पुसला आणि कॅमेऱ्यावर आपलं बोट ठेवलं. पुन्हा हिरवं. "अहो," ती म्हणाली, "उद्या हेच न्या."

भाऊजी आधी नाही नाही म्हणाले. पण ओळीने आठवडाभर हिरवं दाखवलं तर बस परत देऊ असं सुपरवायझरने सांगून ठेवलं होतं. टोमॅटोचा काही भरवसा नव्हता, दुसऱ्या दिवशी त्याच्यावर ॲप 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणालं. ताईचं बोट मात्र पक्कं. आठवड्याने भाऊजी बसवर चढले आणि कॉलर ताठ करून घरी आले. जे यंत्र टोमॅटोला पास करतं त्याला फसवलं तर काय बिघडलं, असं आम्हा सगळ्यांचंच मत होतं. अजूनही त्यात मला चूक दिसत नाही, तुम्ही काहीही म्हणा.

फक्त एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. त्या दिवसापासून ताई घरात अडकली. रोज पहाटे तिचं बोट तिथे हजर पाहिजे. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा ताई भाऊजींची बस सुटल्यावर धावतपळत यायची आणि अंधार पडायच्या आत परत निघायची. एक रात्र काही आईजवळ झोपली नाही. आई चिडून म्हणाली, घरात एवढं काय सोनं पुरलंय तुझ्या? ताई खाली मान घालून पिशवी भरत राहिली. सांगणार काय? सांगितलं असतं तर आईने सगळ्या वॉर्डाला ऐकवलं असतं.

भाऊजींचंही काही वेगळं नव्हतं. साबणाच्या कागदावरून भांडणारा माणूस, पण ॲपची वर्गणी वाढवली तरी ब्र काढला नाही. सुपरवायझरने नुसती हाक मारली तरी छातीत धस्स व्हायचं. एकदा ताईला ताप भरला होता. भाऊजींनी तिच्या कपाळाला हात लावला आणि पहिला प्रश्न तोंडातून निघाला तो असा की तापाने लाल तर नाही येणार ना? बोलून गेले आणि मग दिवसभर त्यांनी ताईकडे वर मान करून बघितलं नाही. ताईनेच ते मला हसत हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही.

असं वर्षभराहून जास्त चाललं. मग एका सकाळी ताईच्या बोटाला लाल आलं. हात गार असतील म्हणून तिने चुलीवर शेकून घेतले. तरी लाल. दुसरं बोट, दुसरा हात, लालच. भाऊजी म्हणाले, आता तुझ्याही बोटांना भट्टी लागली वाटतं, आणि घरी बसले. दुसऱ्या दिवशी हिरवं आलं, तेव्हा दोघांनी ॲपला चार शिव्या घालून विषय संपवला. पण मग पुन्हा लाल, आणि लगेच पुन्हा. तीन झाले.

या खेपेला कंपनीने भाऊजींना यार्डात न पाठवता स्वतःच्या खर्चाने मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. एवढा जुना माणूस, आणि वर्षभर हिरवं असताना अचानक लाल, म्हणजे काहीतरी असणार. त्यांना पट्ट्यावर पळवलं, तारा लावल्या, छातीचे फोटो काढले. सगळं स्वच्छ. सुपरवायझरने सगळ्यांसमोर त्यांचा हात हातात घेतला, चहा मागवला आणि ॲपमध्ये त्यांचं खातं पुसून नवं करून दिलं. मात्र बजावलंही, ही शेवटची संधी, वरून तसा हुकूम आहे, आता एक जरी लाल आलं तरी बस कायमची गेली, मग मी काही करू शकणार नाही.

त्या संध्याकाळी भाऊजी घरी आले ते बूट न काढताच खुर्चीवर बसले. मी विचारलं, काय हो, रिपोर्ट खराब आले का? त्यांनी पाकीट माझ्याकडे सरकवलं. ताईने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, बरं झालं बाई, जीव भांड्यात पडला. भाऊजी तिच्याकडे बघत होते. म्हणाले, "अगं, ते लाल माझं नव्हतं."

 मलाही तेव्हाच उमजलं.  सबंध हॉस्पिटलाने भलत्याच माणसाला तपासलं होतं.

भाऊजी म्हणाले, उद्याच डॉक्टरकडे जाऊ. ताईने उडवून लावलं. म्हणाली, तुम्हाला लाल दिलं ते खोटं, टोमॅटोला हिरवं दिलं तेही खोटं, मग मला दिलेलं तेवढं खरं कसं? भाऊजी म्हणाले, तुझी कातडी माझ्यासारखी नाही, तुला वर्षभर हिरवं येत होतं. ती म्हणाली, तुम्हीच म्हणायचात ना, त्या डबड्यापेक्षा नाणं उडवलेलं बरं? ते म्हणाले, म्हणायचो, पण. ती म्हणाली, पण काय? त्या ॲपविरुद्ध भाऊजींनी जेवढे म्हणून मुद्दे जन्माला घातले होते ते सगळे ताईने एकेक करून त्यांच्याच पुढ्यात टाकले, आणि ज्या यंत्राला ते पहिल्या दिवसापासून शिव्या देत होते त्याची वकिली करता करता त्यांना घाम फुटला. मी मध्ये पडले. म्हटलं, ताई, तुला काही होतंय का ते आधी सांग. ती भांडी घासायला उठली. मी तिचा हात धरून तिला थांबवलं.

"होतंय," ती भांड्यांकडे बघत म्हणाली. "जिना चढवत नाही. बरेच महिने झाले. आणि मी आजारी निघाले तर उद्यापासून बोट कुणाचं लावणार, तेवढं सांगा मला."

भाऊजींनी तोंड हातांनी झाकून घेतलं. मला ताईचा असा राग आला की तिला गदागदा हलवावंसं वाटलं. आणि माझाही आला, कारण मी दर आठवड्याला तिथे जात होते आणि मला ती नुसती थोडी सुजल्यासारखी वाटली होती. मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना, माझं बोट आहे की. उद्यापासून पहाटे मी येते. ताईचा चेहरा एकदम उजळला. म्हणाली, बघा, सुटला प्रश्न. मग डॉक्टरचं सावकाश बघू, आधी तुमचा महिना नीट जाऊ दे. भाऊजींनी तेव्हा कुठे वाकून बूट काढले.

दुसऱ्या दिवशी मी गजर लावून उठले आणि उजाडायच्या आत त्यांचे तिन्ही जिने चढून गेले. वाटभर हात खिशात घालून ऊब देत होते, न जाणो, गारठ्याने लाल यायचं. दार उघडंच होतं. भाऊजींनी ड्यूटीचे कपडे घातले नव्हते. साधा शर्ट, विंचरलेले केस, हातात ताईचे दवाखान्याचे जुने कागद घातलेली पिशवी. फोन टेबलावर पडला होता.

"मेहुणीबाई, तुमचं बोट घरी न्या," ते म्हणाले. "एक अडकवलं तेवढं पुरे झालं."

ताई आतून केस बांधत आली, तिने फोन उचलला आणि तिथेच उभी राहिली. भाऊजींनी स्वतःचं बोट लावलं होतं. पडदा लाल. वर कंपनीचा निरोपही येऊन पडला होता, बस दुसऱ्याला दिली आहे म्हणून. ताई त्यांना वाट्टेल ते बोलली. वेडे आहात, वाटोळं केलंत, मला विचारायचं तरी, आता खायचं काय. ती रडत होती आणि बोलत होती. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "आता तुझ्या बोटाचं या घरात काही काम नाही. चप्पल घाल."

आम्ही तिघं खाली निघालो. एक जिना उतरलो आणि ताई थांबली. इतके दिवस ती अशी मध्येच थांबली की किल्ली शोधायची, नाहीतर पिशवीत काहीतरी चाचपायची, आणि आम्ही पुढे निघून जायचो. या वेळी तिने पिशवी उघडली नाही. कठड्याला धरून पायरीवर बसली, छातीवर हात ठेवला आणि तोंड उघडं टाकून श्वास घेऊ लागली. उतरतानाही एवढी धाप लागते हे आम्हाला माहीतच नव्हतं. भाऊजी तिच्या शेजारी बसले. वरच्या मजल्यावरची माणसं कामाला निघाली होती, ती आमच्या बाजूने वाट काढत गेली, आणि तिचा श्वास जाग्यावर येईपर्यंत आमच्यापैकी कुणी तिला ऊठ म्हटलं नाही.