मनकर्णाबाईंचा काटवल

वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेत भाजीची गाडी मनकर्णाबाईंच्या फाटकाशी थांबली की गाडीवाला आधी देवाचं नाव घेतो. बाई मेथीची जुडी सोडतात, चष्मा कपाळावरून नाकावर आणतात आणि एकेक पान उलटं करून पाहतात. "वरून तं सगळेच गुळगुळीत असतात," असं त्या त्याच्याकडे पाहत म्हणतात आणि तो बिचारा उगाच दाढी चाचपतो.

बाई मूळच्या आंजीच्या. माहेरी भाजीचा मळा. कीड पानाच्या पाठीवर अंडी घालते, हे त्यांना अक्षरांच्या आधी कळलं. आज वय अठ्ठ्याहत्तर. चोविसाव्या वर्षी त्या इथल्या एका कॉलेजच्या बागेत झाडांना पाणी घालायला लागल्या. तिथले लक्ष्मणराव सर जिल्ह्यातल्या झाडाझुडपांवर मोठं पुस्तक लिहीत होते. सर विद्वान होते, मायाळू होते. पण त्यांनी काढलेली तुळस कोणती आणि बाभूळ कोणती, हे कळायला खालचं नाव वाचावं लागे. एका दुपारी त्यांनी मनकर्णाला बियाण्याच्या रिकाम्या पाकिटावर तरोट्याची डहाळी काढताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी टेबल, भिंग, टाक आणि काळी शाई हजर.

अकरा वर्षं बाईंनी सकाळी पाणी घातलं, दुपारी चित्रं काढली आणि संध्याकाळी निंदण केलं. दोनशे चौदा चित्रं. प्रत्येकात एक पान उलटं, कारण पाठ पाहिल्याशिवाय पान पाहिलं असं त्यांना वाटतच नसे. हुद्दा मात्र शेवटपर्यंत बागकामाचाच.

चौऱ्याऐंशी साली पुस्तक आलं. प्रस्तावनेत सरांनी जीपच्या ड्रायव्हरचे आभार मानले, टंकलेखकाचे मानले, चिखलातून जीप ओढणाऱ्या बैलजोडीचेही मानले. चित्रांबद्दल दोनच शब्द होते: 'चित्रे: लेखक.' बैल तरी नशीबवान.

ही एकट्या वर्ध्याची तऱ्हा नाही. गेली दोन-अडीचशे वर्षं जगभरच्या जाडजूड वनस्पतिग्रंथांत कोणाच्या बायकोनं, कोणाच्या बहिणीनं, कोणाच्या लेकीनं डोळे फोडून पाकळ्या मोजल्या. नाव छापायची वेळ आली की छापखान्यातली शाई बरोबर तेव्हाच संपायची. आमच्याकडे तर बायको-बहीण असण्याचीही सोय नव्हती. ही बागेत पाणी घालणारी बाई.

तेव्हा सर म्हणाले होते, "पुढच्या आवृत्तीत नाव टाकू, मनकर्णा." बाईंनी त्यावर विश्वास ठेवला. घरी कोणाला काही सांगितलं नाही. छापून आलं की दाखवू, असा बेत. चाळीस वर्षं त्या पुढच्या आवृत्तीची वाट पाहत होत्या. मधल्या काळात सर वारले.

यंदाच्या श्रावणात ती आवृत्ती आली आणि घरी आणली नातीनंच. आचल त्याच कॉलेजात शिकते.

"आजी, गंमत पाह्य," ती म्हणाली, "या सरांनी पण पानं तुझ्यासारखीच उलटी करून ठेवली."

"वाच, काय लिवलं त्याच्यावर."

नवे विभागप्रमुख धीरज सर यांनी नवी प्रस्तावना लिहिली होती. प्रत्येक चित्रात पानाची मागची बाजू दाखवण्यातली 'लेखकाची शास्त्रीय दूरदृष्टी' पाहून ते भारावून गेले होते. बाईंनी ते दोनदा वाचून घेतलं. मग आपलं नाव कुठं आहे ते शोधायला लावलं. नव्हतं. मग त्यांनी पुस्तक मिटलं, मुखपृष्ठावरचा काटवलाचा, म्हणजे करटुल्याचा, वेल पाहिला आणि त्या ताडकन उठल्या.

"हे कोणं केलं?"

"काय झालं, आजी?"

"काटवलाचा नर वेल येगळा, मादी येगळी. म्या दोन येगळे वेल काढलेते. यायनं दोन्ही फुलं एकाच वेलाले जोडून ठेवले. काऊन वं, जागा नोती का?"

आतापर्यंत काहीच न कळलेल्या आचलला त्या 'म्या काढलेते'नं एकदम सगळं कळलं.

दुसऱ्या दिवशी दोघी कॉलेजात गेल्या. बाईंच्या पिशवीत कच्च्या चित्रांचा गठ्ठा होता, कडेला लक्ष्मणराव सरांच्या अक्षरात सूचना: 'देठ लांब कर', 'पानावरचे केस दाखव.' धीरज सर माणूस वाईट नाही. गठ्ठा पाहता पाहता त्यांचा चहा निवला.

"आजी, हे फार मोठं काम आहे तुमचं," ते म्हणाले. "आपण सगळ्या प्रतींवर चिठ्ठी चिकटवू. मुखपृष्ठावरच. 'चित्रे: मनकर्णाबाई.' सोमवारपर्यंत होईल."

चाळीस वर्षांची वाट सोमवारी संपत होती.

"याच्यावर नोका लावू," बाई म्हणाल्या.

आचलनं टेबलाखालून आजीला चिमटा काढला.

"अहो, पण का?"

"असा वेल जगात नाई, सर. माह्या नावाखाली खोटा वेल कायले ठेवता?"

"सामान्य वाचकाच्या लक्षात येणार नाही ते."

"आंजीच्या बाजारात कोन्त्याही बाईले दाखवा. तुमाले नाई समजलं, ते येगळं."

धीरज सरांनी चष्मा पुसला. मुखपृष्ठ बदलायचं तर नवं चित्र लागेल, मूळ चित्रं वाळवीनं खाल्ली, आता काढणार कोण, असं ते पुटपुटले. समोर कोण बसलंय याचा त्यांना तेवढ्यात पुन्हा विसर पडला होता. विसरायची सवय ही अशी मुरलेली असते.

आचलनं आंजीहून काटवलाचे दोन वेल फुलांसकट आणले. हात थरथरतो म्हणून बाईंनी मनगटाखाली डाळीची पुरचुंडी ठेवली आणि नऊ दिवसांत चित्र पुरं केलं. दोन वेल, मध्ये चार बोटं मोकळी जागा, प्रत्येकाचं एक पान उलटं. नाव त्यांनी कोपऱ्यात लिहिलं नाही. मादी वेलाच्या देठाला बिलगून, वळणावळणानं, थेट कळीपर्यंत लिहिलं.

धीरज सरांनी चित्र उजेडाकडे धरलं. बराच वेळ पाहिलं.

"सुंदर आहे. फक्त नाव जरा खाली सरकवता येईल का? छपाईत कोपरा बरा दिसतो."

"सरकवा ना," बाई म्हणाल्या. "देठ कापा अन सरकवा."

 सरांनी चित्र उलटं केलं आणि कागदाची पाठ पाहिली. तिथंही नाव होतं.