मधूने मॅचला काय खाल्लं

माझा दोस्त मधू गेल्याचा फोन आला तेव्हा मी कल्याणच्या बाजारात कांद्याच्या भावावरून भांडत होतो. कोपरला त्याच्या घरी पोचलो, तर त्याची बायको, सुनंदावहिनी, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "भावोजी, आता कुणाला खाऊ घालणार?" दीड महिना झाला, सोसायटीतलेही तेच बोलतात... म्हणून हे लिहितोय.

मॅचला मीच न्यायचो, खरं आहे. हातगाडी सोडून मी बाजारात गाळा घेतला, तेव्हापासून आम्ही दोघं क्रिकेट लीग बघायला स्टेडियमात जायचो. मधूला स्कोअर कधी सांगता आला नाही. तो यायचा खायला. एरवी कुणी फुकट दिला तरी परत करावा असा गार समोसा तिथे तो डोळे मिटून खायचा. मी काउंटरवरच्या पोराशी घासाघीस करायचो. "काका, इथे भाव करतात का?" "मग काय आरती करतात?" मागून मधू ओरडायचा, "अरे घे रे, ओव्हर संपेल!"

मग त्याच्या किडन्या बिघडल्या. मीठ बंद, पाणी मोजून. तरी मॅच सोडली नाही, आणि तिथे तो चोरून खातो असं वहिनींनी धरून ठेवलं. साफ खोटं! शेवटचं वर्षभर त्याने स्टेडियमात एक घास तोंडात घातला नाही. प्लेट मांडीवर धरून वास घ्यायचा आणि मला म्हणायचा, "तू खा. सांग, कसंय?" मी सांगायचो... तिखट आहे, चटणी पातळ आहे. निघताना बोट चटणीत बुडवून स्वतःच्या शर्टाला पुसायचा. "वहिनी ओरडतील," मी म्हणालो. "ओरडू दे रे. मी खातोय म्हणजे बरा आहे, असं वाटतं तिला." वर कुणाला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली. शपथ त्याची, शिव्या मला!

गेल्या आठवड्यात सहन होईना. वहिनींकडे गेलो, सगळं सांगून टाकलं. वाटलं, निदान चुकलं म्हणतील. त्या भडकल्याच. "वर्षभर माणूस नुसता वास घेऊन घरी आला, आणि तुम्ही त्याच्यासमोर खात होतात? एक घास तरी द्यायचात!"

म्हणजे दिलं तरी मी, नाही दिलं तरी मीच. तणतणत चपला घातल्या, तर मागून आवाज आला, "पुढच्या मॅचला मला न्या."

रविवारी नेलं. वहिनींनी समोशाची प्लेट मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी धरली आणि मैदानाकडे बघत राहिल्या. एक ओव्हर झाली, दुसरी झाली... समोसा तसाच. माझं डोकं फिरलं. "वहिनी, तुम्ही तरी खा हो!" पुढच्या रांगेतले वळून बघायला लागले. वहिनींनी तुकडा मोडला, तोंडात टाकला.

"खारट आहे," म्हणाल्या, आणि दुसरा मोडला.