कडकरावांचा डबा

लिही बाळा, तुझ्या मामाआजोबांचं लिही. माझा धाकटा भाऊ. कोपऱ्यावर त्याचं इस्त्रीचं दुकान. त्याने इस्त्री केली की शर्टाची बाही आपली आपण उभी राहायची, म्हणून सगळे त्याला कडकराव म्हणतात.

देश नवानवा स्वतंत्र झाला, नोटांवरचा परका राजा गेला आणि आपलं चिन्ह आलं. त्या पहिल्या नोटांनी याला येड लावलं. गिऱ्हाइकाने तसली नोट दिली रे दिली की गेली पत्र्याच्या डब्यात. मग घरात मीठ का नसेना!

वर्षं गेली, त्या नोटा दिसेनाशा झाल्या. आणि माझ्या भावजयीलाही दिसेनासं झालं. येता-जाता दाराला धडकायची. डॉक्टर म्हणाले, "काचबिंदू आहे. लवकर ऑपरेशन करा, उरलेली नजर वाचेल. गेलेली काही परत येत नाही."

मी म्हटलं, "अरे, उघड की तो डबा!"

"ताई, तुला नाही कळायचं. जुन्या नोटांचा व्यापारी एकेकीचे पन्नासपट देतो. पण पूर्ण संच लागतो. एकच कमी आहे."

"आणि हिला डोळे काय चार आहेत?"

हसला मेला. भावजय आतून म्हणाली, "राहू द्या वन्सं. त्यांचं पहिलं लग्न त्या डब्याशी लागलंय."

ती एक नोट मिळेस्तोवर वर्ष सरलं. व्यापारी यायच्या आदल्या दिवशी याने काय करावं? एकेक नोट ओल्या फडक्याखाली घेतली आणि झकास इस्त्री मारली. घडी म्हणून दिसेना.

व्यापाऱ्याने भिंग लावलं. "हे कोणी केलं?"

"मीच की!" याची छाती ही एवढी.

"अहो, कागदाचा जीव घेतलात! घडी चालली असती. असली नोट कोण घेणार? बँकेत द्या, छापलेली किंमत मिळेल."

सगळ्या नोटा तशाच बँकेत मोडल्या, पैसे आणि बायकोला घेऊन दवाखान्यात धावला. ऑपरेशनला पुरत होते रे, तेच तर दुखतं! डॉक्टरांनी डोळे तपासले आणि मान हलवली. आता उपयोग नाही.

साऱ्या गल्लीचे कपडे कडक, पण माझ्या भावजयीच्या कपड्याला जन्मात कधी त्याची इस्त्री लागली नव्हती. आता रोज सकाळी तिची चोळी इस्त्री करून तिच्या हातात देतो. ती बोटांनी चाचपते, त्याच्यादेखत मुठीत धरून चांगली चुरगळते, आणि मग घालते.